विहीणबाई खरवसाला स्क्विजी म्हणाल्या

सकाळी मुरारहून दूधवाल्याचा फोन आला की म्हैस व्याली, आणि आमच्या घरात धावपळ उडाली. फोन मी घेतला होता. तसाच कानाला लावून मी जिना उतरले आणि धाकट्या जावेच्या दारात उभी राहून तिला सांगितलं की चीक मिळतोय, कुकर काढ. ती पूजेला बसली होती. पूजेत ती कधी कुणाशी बोलत नाही. पण त्या दिवशी हातातलं फूल तबकात परत ठेवून तिने मान वर केली.

“पहिल्या दिवसाचा?” तिने विचारलं.

मी हो म्हटलं, आणि ती हसली. बऱ्याच दिवसांत मी तिला असं हसताना पाहिलं नव्हतं.

कारण त्या दिवशी दुपारी घरी पाहुणे जेवायला येणार होते, आणि ते साधेसुधे पाहुणे नव्हते. ग्वाल्हेरच्या जयेंद्रगंजात आमचं घर आहे. खाली औषधांचं दुकान, मधल्या मजल्यावर धाकटे दीर आणि जाऊ, वर आम्ही, म्हणजे मी, माझे यजमान, मुलगा, सून आणि अजून नीट उभी न राहणारी नात. जावेला एकच मुलगा. तो इंग्लंडमध्ये एका इस्पितळाच्या लॅबमध्ये काम करतो. दिवाळीच्या सुमारास त्याने फोनवर सांगितलं की तिथेच काम करणाऱ्या एका मुलीशी त्याला लग्न करायचंय, मुलगी इंग्रज आहे, आणि जानेवारीत तो तिला आणि तिच्या आईला घेऊन ग्वाल्हेरला येतोय. साखरपुडा इथेच करू. दिरांनी प्रश्नांची सरबत्ती केली. जाऊ फक्त “बरं” म्हणाली, फोन माझ्या हातात दिला आणि कपडे वाळत घालायला गच्चीवर गेली.

तिचा विरोध नव्हता. तिला धास्ती वाटत होती. इंग्रजीशी तिचा संबंध औषधांच्या बाटल्यांवरच्या लेबलांपुरता. सुनेशी मी बोलणार तरी काय, असं ती मला एकदा भाजी निवडताना म्हणाली आणि पुन्हा तो विषय काढला नाही. मग तिनेच तोड काढली. बोलता येत नसलं तरी खायला तर घालता येतं. आणि घालायचं तर खरवस, जो आमच्या ग्वाल्हेरात दुकानात मागून मिळत नाही, ज्यासाठी ओळखीचा गवळी लागतो आणि नेमकी वेळ यावी लागते. दूधवाल्याला तिने कधीपासून सांगून ठेवलं होतं. म्हैस मात्र कुणाचं ऐकत नाही. पाहुणे येऊन दर्पण कॉलनीतल्या एका गेस्ट हाऊसमध्ये उतरले, किल्ला बघून झाला, तरी मुरारहून काही निरोप नव्हता. आणि आता ऐन जेवणाच्या दिवशी तो आला होता.

माझे यजमान कानटोपी चढवून, धुक्यात स्कूटर काढून मुरारला गेले. पारडू पिऊन झाल्यावर उरलेला चीक दूधवाल्याने त्यांना डबाभर दिला. जाऊ स्वयंपाकघरात कुणाला येऊ देत नव्हती, पण मला दारात उभं राहायची परवानगी होती. तिने झाकण काढलं. आत हळदीचा हात लागावा तसा पिवळा, दाट चीक होता. चमच्यावरून तो ओघळायलाच तयार नव्हता. तिने आधी एका वाटीत थोडासा चीक, दूध आणि गूळ घालून वाफवून बघितला. ही तिची सवय. कुठलाही पदार्थ ती आधी वाटीभर करून पाहते. पहिली वाटी घट्ट झाली, तिने दूध वाढवलं. दुसरी तिला पटली. मग वेलची, जायफळ, चार काड्या केशर, आणि शिट्टी न लावता कुकर ठेवून, घड्याळाकडे न बघता ती नुसत्या वासावर बसून राहिली. दूधवाल्याचा डबा रिकामा परत करायचा नाही म्हणून तिने त्यात गुळाचा मोठा खडा टाकला. बराच चीक उरला होता, तो पातेल्यात काढून फ्रीजमध्ये ठेवला.

दुपारी दोघी आल्या. मुलगी उंच, शांत, आणि आल्याबरोबर वाकून नमस्कार करणारी. पुतण्याने शिकवलं असणार. तिच्या आईला मी मनातल्या मनात तेव्हापासूनच विहीणबाई म्हणायला लागले होते. त्या आयुष्यभर तिकडे सिटी बस चालवत होत्या, नुकत्याच निवृत्त झालेल्या. रुंद खांदे, मोठे हात, आणि बोलणं असं की मागच्या सीटवरच्यालाही ऐकू जावं. ग्वाल्हेरची थंडी त्यांना झेपत नव्हती, याचं सगळ्यांना नवल वाटलं. त्यांच्याकडे घरं आतून गरम असतात आणि आमच्याकडे फरशी बर्फ. जावेने आपली शाल त्यांच्या खांद्यावर टाकली, ती त्यांनी पुढे आठवडाभर काढली नाही.

पुतण्या आणि दीर साखरपुड्याचा हॉल बघायला मुरारला गेले होते आणि तिथेच अडकले. त्यामुळे दुभाषी मी. निवृत्त होईपर्यंत मी शाळेत इंग्रजीच शिकवलं, तेव्हा घरच्यांच्या मते मला येत नाही असा इंग्रजी शब्द असणं शक्य नव्हतं. माझंही साधारण तसंच मत होतं.

विहीणबाई मनापासून जेवल्या. पुऱ्या लव्हली, मटारची उसळ लव्हली. पण पाण्याचा तांब्यासुद्धा लव्हली आणि भिंतीवरचं कॅलेंडरही लव्हली. जावेला हा शब्द कळत होता, आणि तो सगळ्यांनाच मिळतोय हेही तिच्या लक्षात आलं होतं. ती मला हळूच म्हणाली की या बाईंच्या लव्हलीला काही किंमत नाही.

मग खरवस आला. केशरी-तपकिरी, कडा धारदार, वर पाण्याचा एक थेंब नाही. विहीणबाईंनी चमचा घेतला, पण लगेच तोडला नाही. आधी चमच्याची पाठ वडीवर हळूच दाबली. वडी दबली आणि परत वर आली. त्यांनी पुन्हा दाबली. मग तुकडा तोंडात घातला, डोळे मिटले, आणि म्हणाल्या की हे किती स्क्विजी आहे.

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं.

मी हा शब्द जन्मात ऐकला नव्हता. आमच्या पाठ्यपुस्तकात तो नव्हता, मी तपासलेल्या हजारो उत्तरपत्रिकांत तो नव्हता. पिळणे, चेपणे असे काही जवळपासचे शब्द डोक्यात आले, स्क्विड नावाचा एक समुद्री प्राणीसुद्धा आला. मी सावरून म्हटलं, “छान झालाय म्हणताहेत.” पण मास्तरणीचा आवाज कधी डळमळतो हे घरच्यांना बरोबर कळतं. माझे यजमान शंकेखोर. त्यांनी खिशातून फोन काढला आणि त्यात तोंड घालून तो शब्द म्हटला. त्यांचा फोन हिंदीत चालतो. क्षणभराने त्यांनी मोठ्याने वाचलं, “पिलपिला.”

ग्वाल्हेरात पिलपिला म्हणजे काय हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. संध्याकाळी मंडीत जे टमाटर कुणी घेत नाही, ते पिलपिले असतात. जावेचा चेहरा उतरला. मी घाईघाईने विहीणबाईंनाच विचारलं की या शब्दाचा अर्थ काय. त्यांना प्रश्न फार आवडला. त्या हात पसरून सांगायला लागल्या की लहानपणी त्या नदीकाठी राहायच्या, उन्हाळ्यात अनवाणी काठावर जायचं, आणि तिथली ओली माती पायाच्या बोटांमधून वर यायची, तशी. त्यांचा चेहरा इतका खुलला होता की मीही भारावून गेले आणि शाळेतल्या सवयीने शब्दाला शब्द भाषांतर करून मोकळी झाले.

“चिखलासारखा,” मी म्हटलं.

ऐकताच माझी सून खाली मान घालून नातीचं टोपडं सारखं करायला लागली. जाऊ उठली. “आज जमला नसेल,” एवढंच ती म्हणाली, आणि खरवसाचं ताट उचलून आत निघून गेली. विहीणबाईंचा दुसरा घास चमच्यात तयार होता; ताट गेलं आणि चमचा हवेत राहिला. मुलगी घाबरून मला विचारायला लागली की आईने काही वाईट म्हटलं का. मी तिला काय झालं ते सांगितलं, आणि तिने कपाळाला हात लावला. ती म्हणाली की हा शब्द चांगलाही असतो, वाईटही असतो, कशाबद्दल बोलतोय त्यावर आहे. मी म्हटलं, हे आता आत जाऊन सांगणार कोण?

विहीणबाई आधीच उठल्या होत्या. आमच्यात सगळ्यांच्या आधी त्यांना कळलं होतं की बोलून हे सुटणार नाही. त्या शाल सावरत सरळ स्वयंपाकघरात शिरल्या. मी त्यांच्यामागे धावले, सून नातीला कडेवर घेऊन माझ्यामागे.

जाऊ ओट्याशी पाठ करून उभी होती. विहीणबाईंनी तिच्या दंडाला हात लावला, तिला वळवलं, आणि स्वयंपाकघरात इकडेतिकडे बघायला लागल्या. टोपलीत केळी होती, त्यातलं एक काळं पडलेलं. ते त्यांनी उचललं, बोटाने दाबलं, तोंड वाकडं केलं आणि म्हणाल्या, स्क्विजी. मग जोरजोरात मान हलवून ते बाजूला ठेवलं. म्हणजे हे नको. पावाची लादी होती, तीही दाबली. खांदे उडवले. हे स्क्विजी नाही, नुसतं कोरडं मऊ. मग त्यांना परातीत ओल्या फडक्याखाली झाकलेली पुऱ्यांची उरलेली कणीक दिसली. फडकं उचलून त्यांनी अंगठा रुतवला, कणकेने तो हळूहळू बाहेर ढकलला, आणि त्या खुश होऊन म्हणाल्या, स्क्विजी. आणि मग त्यांची नजर माझ्या नातीवर गेली. तिची मांडी दोन बोटांत धरून त्यांनी अलगद दाबली, नात खिदळली, आणि विहीणबाईंनी तिच्या पोटात तोंड खुपसून तोच शब्द पुन्हा पुन्हा म्हटला. सगळ्यात शेवटी त्या ताटाकडे आल्या. वडीवर बोट टेकवलं. डोळे मिटले, हात छातीवर ठेवला.

 जाऊ पुढे आली आणि तिने ते काळं केळं उचललं.

“गिळगिळीत,” ती विहीणबाईंना म्हणाली, आणि तिनेही तोंड वाकडं केलं.

विहीणबाईंनी तो शब्द म्हणून बघितला. दोन्ही ळ तोंडात अडकले आणि भलतंच काहीतरी बाहेर आलं. सून हसली, मग मी, मग जाऊसुद्धा. आणि त्यानंतर जे सुरू झालं ते मी विसरणार नाही. जाऊ एकेक वस्तू पुढे करायची, दाबायला लावायची आणि तिचा शब्द सांगायची. पाव मऊ. कणीक मऊसूत. नातीची मांडी गुबगुबीत. फ्रीजमधून तिने उरलेली साबुदाण्याची खीर काढून त्यात चमचा हलवला, ती लिबलिबीत. कुंडीतली माती आणून दाखवली, ती भुसभुशीत. तिच्यात पाणी ओतून पुन्हा दाखवली, आता रबरबीत. विहीणबाईंना प्रत्येक शब्द बोटांनी चाखायचा होता. मुलगी मध्येच येऊन आमच्यात सामील झाली आणि तिचे उच्चार आईपेक्षा पुष्कळ बरे निघाले. मी मात्र बाजूला उभी राहून ऐकत होते. हे सगळे शब्द मला येत होते, पण असे एकामागून एक, इतके, एका दमात कधी ऐकले नव्हते. आमच्या घरातली मुलं निम्मं हिंदीत बोलतात, त्यांना मऊ म्हणजे सॉफ्ट, आणि फार मऊ म्हणजे एकदम सॉफ्ट. मीही त्यांच्याशी बोलताना तेच म्हणते. मला लॉटरी लागल्यासारखं वाटत होतं.

मग जावेने मला एक प्रश्न इंग्रजीत विचारायला सांगितला. तिने आधी तो नीट जुळवून घेतला.

“त्यांना विचारा वहिनी, एकाच शब्दात नावं ठेवायची आणि त्याच शब्दात कौतुक करायचं, तर समोरच्याने ओळखायचं कसं?”

मी विचारलं.  विहीणबाईंनी स्वतःच्या गालांवर दोन्ही हात ठेवले.

“तोंडाकडे बघायचं म्हणतात,” मी सांगितलं.

जावेने त्यांच्या तोंडाकडे बघितलं. मग ताट उचललं, बाहेर नेऊन त्यांच्या पुढ्यात ठेवलं आणि एका वडीऐवजी दोन वाढल्या. आणि खरवसाला काय म्हणायचं ते शेवटी सांगितलं. लुसलुशीत. विहीणबाई तेवढं एक मात्र पहिल्या झटक्यात बरोबर म्हणाल्या.

संध्याकाळी पुतण्या परत आला तेव्हा त्याची होणारी बायको सोफ्याची उशी दाबून त्याला विचारत होती की ही गुबगुबीत की मऊसूत. त्याला सांगता येईना. “अरे यार, ये सब कब सीखा,” तो म्हणाला, आणि आईकडे बघायला लागला. जाऊ चहा गाळत होती, तिने वर बघितलं नाही, पण गाळणं धरलेला तिचा हात हसण्याने हलत होता.

गोष्ट इथे संपली असती तरी चाललं असतं. पण विहीणबाईंना आता परतफेड करायची होती. त्यांनी फोनवर एका चॉकलेट केकचा फोटो दाखवला. काळाभोर, मधोमध खचलेला. त्यांच्याकडे वाढदिवसाला हाच होतो, म्हणाल्या, आणि तो स्क्विजी नसेल तर फुकट गेला असं समजतात. साखरपुड्याला त्यांना हा केक करायचा होता, आणि जावेने तो खावा अशी इच्छा होती. ओव्हन माझ्याकडे होता. अडचण अंड्यांची होती. आमच्या दोन्ही स्वयंपाकघरांत अंडं येत नाही. माझे यजमान स्टेशनजवळच्या गाडीवर आम्लेट खातात ते मला माहीत आहे, जावेला नाही. बिनअंड्याचा केक बाजारात मिळतो, पुतण्या म्हणाला, तोच आणू. विहीणबाईंनी मान हलवली. तो फुगतो, कोरडा होतो, पावासारखा लागतो. अंड्याशिवाय मधला भाग धरत नाही.

जावेने विचारलं की धरत नाही म्हणजे काय. मी विचारून सांगितलं की अंडं शिजलं की घट्ट होतं आणि बाकी सगळ्याला बांधून ठेवतं, पण दगडासारखं नाही, हलतं ठेवतं. जाऊ ऐकत होती. मग ती उठली, फ्रीज उघडला आणि सकाळचा उरलेला चीक ओट्यावर ठेवला.

“हा पण हेच करतो,” ती म्हणाली.

मी भाषांतर करायच्या आधीच विहीणबाईंनी भांड्यात चमचा बुडवून वर उचलला होता. चीक चमच्याला चिकटून लोंबत राहिला. त्यांनी जावेकडे बघितलं, जावेने त्यांच्याकडे. मला वाटतं त्या क्षणी त्या दोघींना माझी गरज संपली.

पुतण्याला कुकिंग चॉकलेट आणायला पिटाळलं. जावेच्या नियमाप्रमाणे आधी एक वाटी. पहिली वाटी खरवसच झाली, चॉकलेटचा. चांगला होता, पण केक नव्हे. दुसऱ्या वाटीत विहीणबाईंनी लोणी वाढवलं, चीक कमी केला. ती बाजूंनी केक आणि मध्ये पाणी. तिसऱ्या वाटीला जावेने एक चमचा कणीक घातली, मैदा नको म्हणाली, आणि विहीणबाईंनी तिचा हात अडवला नाही. आम्ही सगळे ओव्हनच्या काचेपुढे माना खाली घालून उभे. कडा वर आल्या. मधला भाग वर आला, थरथरला, आणि हळूच खाली बसला. विहीणबाईंनी टाळी वाजवली. जाऊ खट्टू झाली. तिच्या हिशेबी बसका पदार्थ म्हणजे बिघडलेला पदार्थ.

साखरपुड्याच्या सकाळी राहिलेला सगळा चीक घालून मोठा केक लावला. ठरलेल्या वेळी जावेने सुरी खुपसून बघितली, तिला चॉकलेट लागून आलं. ती म्हणाली कच्चा आहे, अजून ठेवा. विहीणबाई नाही म्हणाल्या. जावेने ओव्हनचं बटण फिरवायला हात पुढे केला, तर विहीणबाई ओव्हनला पाठ लावून बसच्या दारात उभं राहावं तशा उभ्या राहिल्या. दोघी आपापल्या भाषेत बोलत होत्या आणि मला वाटतं एकमेकींना पूर्ण कळत होत्या. शेवटी केक निघाला. गार झाला. विहीणबाईंनी एक तुकडा कापला. सुरीमागून तो कापल्यासारखा नाही, सोडवून घेतल्यासारखा आला. त्यांनी तो जावेला दिला.

जावेने आधी बोटाने दाबला. मग खाल्ला. आम्ही सगळे तिच्या तोंडाकडे बघत होतो, कारण ते आता आम्हाला शिकवलं गेलं होतं. ती बराच वेळ चावत राहिली, चावायला त्यात काही नसताना.

“स्क्विजी,” ती म्हणाली. चेहरा होता खरवस चांगला जमल्यावर होतो तसा.

विहीणबाईंनी तिला मिठी मारली, चॉकलेटच्या हातांसकट. जावेच्या पैठणीला डाग पडला. तो तिने साखरपुड्याला पदराच्या घडीत लपवला आणि येईल त्या प्रत्येकाला उघडून दाखवला.

संध्याकाळी हॉलवर मुरारचे, लष्कर भागातले, दर्पण कॉलनीतले सगळे नातेवाईक आले होते. पेढ्यांच्या शेजारी केक होता. आमचे एक चुलत सासरे, नव्वदीला टेकलेले, त्यांनी तुकडा उचलून बोटाने दाबला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, “सूनबाई, केक तो कच्चा रह गया.” पूर्वीची जाऊ असती तर डोळे खाली घालून ताट उचलून गेली असती. ती त्यांच्याजवळ जाऊन बसली. “काका, कच्चा नाहीये. तो असाच असतो. पहिले खाओ तो सही,” ती म्हणाली. त्यांनी खाल्ला. मग दुसरा मागितला, आणि त्यात अंडं नाही ना हे त्यानंतर विचारलं.

अंगठ्या घालून झाल्या, मुलीने सगळ्यांना वाकून नमस्कार केले. लग्न जूनमध्ये, तिकडे, त्यांच्या गावच्या एका बागेत होणार असं ठरलं. दिरांनी लगेच हो म्हटलं. जाऊ म्हणाली की इतक्या लांब मी काही येत नाही, विमानाची मला भीती वाटते, तुम्ही सगळे जा, मी इथून अक्षता टाकीन. पुतण्याचा चेहरा पडला, पण आईचं असं असतं तेव्हा वाद घालण्यात अर्थ नसतो हे त्याला ठाऊक होतं.

दोन दिवसांनी ते तिघे दिल्लीच्या गाडीला बसले. आम्ही स्टेशनवर पोहोचवायला गेलो. गाडीला उशीर होता, त्यामुळे निरोप पुन्हा पुन्हा घेऊन झाले. विहीणबाईंनी शाल परत करायला काढली तर जावेने ती त्यांच्या खांद्यावर परत टाकली. गाडी आली. विहीणबाईंनी जावेला सगळ्या फलाटादेखत घट्ट मिठी मारली. आमच्याकडे बायका अशा चारचौघांत मिठ्या मारत नाहीत. जाऊ आधी हात सरळ ठेवून उभी राहिली, मग तिने एका हाताने त्यांच्या पाठीवर थोपटलं, मग दुसऱ्याही.

गाडी दिसेनाशी होईपर्यंत ती हात हलवत राहिली. मग डोळे पुसले, पदर खोचला आणि माझ्याकडे वळली.

“वहिनी, जूनमध्ये तिकडे थंडी असते का हो?”

असते म्हणतात, मी सांगितलं. सकाळ-संध्याकाळ लागतेच.

“मग दोन स्वेटर घ्यायला हवेत,” ती म्हणाली, आणि आम्ही पुलाच्या जिन्याकडे चालायला लागलो.